बाहेरच्या टेलिकॉम कॅबिनेटचं वायरिंग आणि कूलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅबिनेटबद्दल प्रश्न येतात ते बहुतेक दोनच वेळी: कडक उन्हाच्या दिवसांत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर. उन्हात लोक कूलिंगचं विचारतात, पावसात वायरिंगचं. साइटवर मात्र हे दोन विषय वेगळे राहत नाहीत. केबलसाठी पाडलेलं भोक हीच पाण्याची वाट होते, सैल राहिलेला लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) हा छोटा हीटर होतो, आणि पंख्याची वायर चुकीच्या ब्रेकरवर गेली की वीज जाताच कूलिंगही जातं. म्हणून दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत. मेन्सच्या (बाहेरून येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या) बाजूचं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या; इथली माहिती त्याला पर्याय नाही.

१. मी या कामात नवा आहे. कॅबिनेटच्या आत साधारण काय काय असतं?

वरून खाली पाहत गेलात तर बहुतेक ठिकाणी असं दिसेल: मेन्स घेणारा एसी वितरण भाग आणि त्याचा एसपीडी (वीज पडल्यावर येणारी लाट अर्थकडे वळवणारं संरक्षण), मेन्सचं डीसी करणारे रेक्टिफायर, डीसी ब्रेकरची पट्टी, मग प्रत्यक्ष काम करणारी उपकरणं (राउटर, बेसबँड म्हणजे रेडिओचे सिग्नल हाताळणारं युनिट, ट्रान्समिशन), फायबरची ट्रे आणि सगळ्यात खाली बॅटऱ्या. बॅटऱ्या जड असतात आणि खालची हवा थंड असते, म्हणून त्या तळाशी. दारावर किंवा बाजूला कूलिंग युनिट. एका कोपऱ्यात तांब्याची अर्थ बार. नवीन माणसाने आधी ही बार शोधावी आणि तिच्यापासून निघणारी प्रत्येक वायर कुठे जाते ते बोटाने मागोवा घेत पाहावं. अर्ध्या तासात कॅबिनेट समजतं.

२. टेलिकॉममध्ये उणे ४८ व्होल्टच का? उणे कशासाठी?

जुन्या टेलिफोन एक्सचेंजपासून ही पद्धत आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे २४ सेल एका रांगेत जोडले की ४८ व्होल्ट होतात. हा दाब (व्होल्टेज) लांबच्या तारेवर काम भागवण्याइतका मोठा आहे आणि डीसीसाठी सुरक्षेची जी ६० व्होल्टची मर्यादा सहसा धरतात, तिच्या आत राहतो.

उणेचं कारण गंज. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या केबलमध्ये ओल शिरली तर जमिनीच्या तुलनेत धन असलेलं तांबं विरघळत जातं आणि ऋण असलेलं टिकतं. म्हणून धन टोक अर्थला जोडलं आणि लाइनवर उणे ठेवलं. याचा रोजच्या कामातला अर्थ एवढाच: या कॅबिनेटमध्ये 'गरम' (दाब असलेली) वायर ही उणे आहे, फ्यूज आणि ब्रेकर उणे बाजूलाच बसतात, आणि गाडीच्या वायरिंगची सवय असलेल्या हाताने इथे दोनदा विचार करावा.

३. मीटरवर ५४ व्होल्ट दिसतात. रेक्टिफायर बिघडला आहे का?

नाही. ४८ हे नाव आहे. बॅटरी फ्लोटवर (भरलेली बॅटरी तशीच भरलेली ठेवणाऱ्या चार्जिंगवर) असताना दर सेलला साधारण २.२५ व्होल्ट द्यावे लागतात, त्याचे २४ पट ५४ होतात. बूस्ट चार्जिंग चालू असेल तर ५६ च्या पुढेही दिसतील. मेन्स गेल्यावर आकडा हळूहळू उतरतो आणि ४३ च्या आसपास (सेलमागे १.८) एलव्हीडी (दाब फार उतरला की चालणारा स्विच) बॅटरीला लोडपासून तोडतो, नाहीतर बॅटरी कायमची खराब होते. काळजी करायची ती मेन्स चालू असूनही ५० च्या खाली दिसलं तर.

४. डीसी वायर किती जाड घ्यायची? तक्ता पाहून ब्रेकरप्रमाणे घेतली तर पुरे ना?

पुरे नाही. तक्ता सांगतो की वायर जळणार नाही. शेवटच्या उपकरणापाशी पुरेसा दाब पोचेल की नाही हे तक्ता सांगत नाही, आणि ४८ व्होल्टवर खरी अडचण तिथेच येते.

उदाहरण घेऊ. बाहेरचा एक रेडिओ १२०० वॅट घेतो, वायर एका दिशेने १२ मीटर. ५४ व्होल्टवर करंट २२ अँपिअर. इथेच हिशेब थांबवणारे फसतात. ही उपकरणं ठरावीक वॅट ओढतात, त्यामुळे दाब उतरला की करंट वाढतो. बॅटरी ४३.२ वर आली तेव्हा तोच रेडिओ जवळजवळ २८ अँपिअर घेतो. हिशेब या २८ वर करायचा.

दाबातली घट = २ × लांबी × करंट × ०.०१७२ ÷ वायरचं क्षेत्रफळ (चौरस मिमी). दोनने गुणायचं कारण करंट जातो आणि परत येतो. १० चौ. मिमी घेतली तर १.१६ व्होल्ट, १६ घेतली तर ०.७२. हे २० अंशाच्या तांब्याचे आकडे. उन्हात तापलेल्या पाइपमध्ये वायर ६० अंशांवर गेली तर अवरोध १५ टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि १० ची वायर १.३ व्होल्टच्या वर खाते. बऱ्याच उपकरणांची खालची मर्यादा ४०.५ व्होल्ट असते. ४३.२ मधून १.३ गेले, ब्रेकर आणि जोडांमध्ये आणखी थोडे गेले, की हातात फारसं काही उरत नाही. वीज गेल्यावर बॅटरी शिल्लक असतानाच रेडिओ बंद पडतो, आणि दोष बॅटरीला दिला जातो. मी अशा ठिकाणी १६ ची वायर घालतो.

जोडांबद्दलही सांगायला हवं. ५० अँपिअरच्या वायरवर एखाद्या लगचा अवरोध फक्त ५ मिलिओहम झाला तर तिथे १२.५ वॅट उष्णता सतत तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. लग योग्य साच्यानेच क्रिंप करा, पकडीने चेपू नका. बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळा आणि आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी तो फिरलाय का ते डोळ्यांनी दिसतं.

५. घरात वापरतो ती एमसीबी डीसीवर लावली तर?

लावू नका. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो (५० हर्ट्झवर), तेव्हा ठिणगीची कमान आपोआप विझते. डीसीला शून्य नसतं; कमान पेटली की पेटलेली राहते आणि ब्रेकर आतून वितळू शकतो. डीसीचं रेटिंग लिहिलेलीच एमसीबी घ्या. काही डीसी ब्रेकरवर धन-ऋण खूण असते. त्या उलट्या जोडल्या तर कमान विझवणारं चुंबक कमानीला उलट दिशेला ढकलतं, म्हणून ती खूण पाळणं सक्तीचं समजा.

६. उणे ४८ ची वायर निळी की लाल?

काही देशांत आणि काही उत्पादकांकडे निळी, काहींकडे लाल. परतीची वायर कुठे काळी, कुठे लाल. म्हणजे लाल वायर एका कॅबिनेटमध्ये उणे असते आणि दुसऱ्यात शून्य! रंगावर कधीच विसंबू नका. मीटर लावा, दोन्ही टोकांना छापील लेबल लावा, आणि रंगांचा अर्थ सांगणारा एक कागद लॅमिनेट करून दाराच्या आत चिकटवा.

७. संवेदनशील उपकरणासाठी वेगळा 'स्वच्छ' अर्थिंगचा खड्डा घ्यावा का?

हा सल्ला फार पसरलेला आहे आणि धोकादायक आहे. वीज जवळपास पडली की जमिनीत दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक तयार होऊ शकतो. एका खड्ड्याला कॅबिनेटची बॉडी आणि दुसऱ्याला उपकरण जोडलं असेल तर तो सगळा फरक उपकरणाच्या पोटातून जातो. खड्डे कितीही असोत, ते जमिनीखाली जाड वाहकाने एकमेकांना जोडलेले हवेत आणि कॅबिनेटमध्ये सगळं एकाच बारवर यायला हवं: बॉडी, दार, रॅक, एसपीडी, केबलचं चिलखत (धातूचं आवरण) आणि डीसीचं धन टोक. धन टोक मात्र अर्थला एकाच ठिकाणी जोडायचं. दोन ठिकाणी जोडलं तर लोडचा करंट अर्थच्या वायरमधून फिरू लागतो.

अर्थचा अवरोध ५ ओहमच्या आत असावा असा प्रघात आहे, आणि तो कमी असलेला चांगलाच. पण आकडा उत्तम आणि आतलं बाँडिंग (धातूचे सगळे भाग अर्थ बारला जोडणं) अर्धवट, अशा कॅबिनेटपेक्षा आकडा मध्यम आणि बाँडिंग पक्कं असलेलं कॅबिनेट विजेत जास्त टिकतं असं माझं मत आहे. दाराचा वेणीदार पट्टा विसरू नका. बिजागरी म्हणजे अर्थिंग नव्हे. तिच्यावर रंग असतो आणि ग्रीस असतं.

८. एसपीडी बसवला होता, तरी वीज पडून कार्डं गेली. मग उपयोग काय?

बहुतेक वेळा एसपीडी चांगला असतो, त्याची वायर लांब असते. सरळ वायरच्या एका मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री प्रेरकत्व असतं. विजेचा करंट मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर वेगाने वाढला तर त्या एका मीटरवरच १००० व्होल्ट उभे राहतात, आणि उपकरणाला एसपीडीचा दाब अधिक हे हजार असं सगळं सोसावं लागतं. लाइनपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, दोन्ही मिळून अर्धा मीटरच्या आत ठेवा. वायर नीटनेटकी दिसावी म्हणून गोल वळसे घालून ठेवणं इथे सरळ नुकसान करतं.

दुसरं कारण: एसपीडीच्या आधीची 'घाणेरडी' वायर आणि नंतरची संरक्षित वायर एकाच बंडलमध्ये बांधलेल्या असतात, त्यामुळे लाट पुन्हा उडी मारते. तिसरं: मेन्सवर संरक्षण आहे, पण इथरनेट, अँटेना किंवा तांब्याच्या जोडीवर नाही. वीज कुठल्या दाराने येईल हे ती विचारत नाही. शिवाय एसपीडीची खिडकी हिरवी आहे की लाल, हे प्रत्येक भेटीत पाहा. लाल म्हणजे तो आपलं काम करून संपला आहे.

९. केबल आत कुठून घ्यायच्या? वरून सोपं पडतं.

वरून सोपं पडतं आणि वरूनच पाणीही येतं. नेहमी तळातून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट आवळल्या जाणाऱ्या जोडातून). आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. एका ग्लँडमध्ये एकच केबल. दोन पातळ केबल कोंबल्या की मध्ये फट राहतेच. न वापरलेली प्रत्येक ग्लँड बुचाने बंद करा.

जमिनीखालून येणारे पाइप केबल टाकून झाल्यावर दोन्ही टोकांना सील करायला हवेत. मोकळ्या पाइपमधून ओलसर हवा, उंदीर आणि कधीकधी जमिनीत गळालेला ज्वलनशील वायूही कॅबिनेटमध्ये येतो. या शेवटच्या गोष्टीमुळे स्फोट होऊ शकतो, म्हणून 'नंतर करू' असं म्हणून हे काम सोडू नका.

१०. फायबर वीज वाहत नाही, मग त्या केबलला अर्थिंग कशाला?

काच वाहत नाही, पण केबलमधलं स्टीलचं चिलखत आणि मधली धातूची तार वाहते. त्या कॅबिनेटमध्ये शिरल्या शिरल्या अर्थ बारला जोडा. पूर्ण अधातू केबल असेल तर गरज नाही.

फायबरचा वळसा किती लहान चालेल तेही इथेच सांगतो: जुन्या जी.६५२ फायबरला ३० मिमी त्रिज्या धरा, जी.६५७.ए१ ला १० मिमी आणि ए२ ला ७.५ मिमी. दार बंद करताना पॅचकॉर्ड चेपला जात नाही ना, हे दार जवळजवळ बंद करून, उरलेल्या फटीतून टॉर्चने प्रकाश सोडून पाहा. दार उघडं असताना सगळं ठीकच दिसतं.

११. कॅबिनेटमध्ये एकूण किती उष्णता तयार होते ते कसं काढायचं? वीजबिलावरचे वॅट घेतले तर?

बिलावरचे वॅट घेतले तर तुम्ही गरजेपेक्षा बरंच मोठं युनिट विकत घ्याल. जी वीज कॅबिनेटमधून बाहेर जाते, तिची उष्णता बाहेरच पडते. टॉवरवरचा रेडिओ, पीओईवरचा (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा हे सगळे आपापल्या जागी तापतात.

समजा रेक्टिफायर १५०० वॅट डीसी देतो. त्यातले ९०० बाहेरच्या रेडिओंना जातात, ६०० आतल्या उपकरणांत खर्च होतात. रेक्टिफायरची कार्यक्षमता ९६ टक्के असेल तर त्याचे स्वतःचे साधारण ६० वॅट. म्हणजे आतली उष्णता ६६० वॅट. वीज आल्यावर बॅटरी चार्ज होत असते तेव्हा रेक्टिफायर जास्त राबतो, तेव्हा हा आकडा वाढतो. दुपारी वीज येऊन बॅटरी रिकामी असेल ती सगळ्यात वाईट वेळ, आणि मोजायचं तिच्यासाठी. यात उन्हाची भर वेगळी. ती पुढच्या प्रश्नात.

१२. उन्हाने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. निरभ्र दुपारी उन्हाकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं. दीड मीटर उंच आणि ८० सेंटीमीटर चौरस कॅबिनेटवर सूर्य मधल्या उंचीवर असताना माथा आणि एक बाजू मिळून हजार वॅटच्या वर ऊन झेललं जातं. गडद रंग त्यातलं बहुतेक शोषतो. नवा पांढरा रंग पाव ते एक तृतीयांश. शोषलेलं सगळं आत येत नाही, बराच भाग बाहेरच्या हवेत जातो, पण जे येतं ते आतल्या उपकरणांच्या उष्णतेच्या बरोबरीला जाऊ शकतं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुहेरी भिंत: बाहेर एक पत्रा, मध्ये काही सेंटीमीटर फट, फट खाली आणि वर मोकळी. ऊन बाहेरच्या पत्र्याला तापवतं, फटीतली हवा गरम होऊन वर निघून जाते. यासाठी वीज लागत नाही. दुहेरी भिंत नसेल तर माथ्यावर चार बोटं उंच पत्र्याचं छप्पर बसवलं तरी फरक जाणवतो. लांब बाजू पश्चिमेकडे येणार नाही अशी जागा निवडता आली तर निवडा. दुपारनंतरचं ऊन आणि तापलेली हवा एकाच वेळी येतात.

१३. पंखा, हीट एक्स्चेंजर की एसी (एअर कंडिशनर)?

आधी उपकरणांच्या माहितीपत्रकात कमाल तापमान पाहा. निर्णय तिथेच अर्धा होतो.

पंखा आणि फिल्टर: बाहेरची हवा आत खेचायची, गरम हवा बाहेर टाकायची. सगळ्यात कमी वीज, सगळ्यात सोपी दुरुस्ती. पण आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा नेहमी जास्त राहणार. बाहेर ४५ आणि फरक १० धरला तर आत ५५. उपकरण ५५ ते ६५ सोसत असेल तर हाच पर्याय उत्तम.

हीट एक्स्चेंजर: आतली हवा आतच फिरते, बाहेरची बाहेरच, मधल्या पातळ पत्र्यांतून फक्त उष्णता पलीकडे जाते. त्याची क्षमता अंशामागे वॅटमध्ये देतात. ६६० वॅटला ६० वॅट प्रतिअंशाचं युनिट घेतलं तर फरक ११ अंश. पंख्याएवढाच फरक, जास्त खर्च, मग का घ्यायचा? कारण धूळ, खारी हवा आणि कीटक आत येत नाहीत. समुद्रकाठी किंवा धुळीच्या रस्त्यालगत मी डोळे झाकून हाच घेईन.

एसी: बाहेरच्यापेक्षा कमी तापमान देणारा यातला हा एकच. पण तो वीज खातो, त्याच्यात फिरणारे भाग जास्त, आणि तो मेन्सवर अवलंबून असतो (प्रश्न १७). बॅटरी आत असेल किंवा उपकरण ४५ च्या वर चालत नसेल, तरच.

१४. पंखा किती मोठा लागेल?

ताशी घनमीटर = ३ × वॅट ÷ तापमानातला फरक. ६६० वॅट आणि १० अंश घेतले तर १९८, म्हणजे २०० घनमीटर.

पण पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, जाळी आणि आतली गर्दी त्याला अडवते. म्हणून दीडपट ते दुप्पट आकड्याचा पंखा घ्या आणि तो कमी वेगाने चालवा. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी होते, आवाज कमी होतो आणि बेअरिंगही जास्त टिकतं. डोंगरावर हवा विरळ असते. १५०० मीटर उंचीवर तिची घनता साधारण १५ टक्के कमी, तेवढी भर घाला.

दोन पंखे असावेत, एक बंद पडला तर दुसऱ्याने जमेल तेवढं निभवावं. आणि बसवताना कागदाचा तुकडा धरून दिशा तपासा. माझ्या कामात एकदा दोनपैकी एक पंखा उलटा लागला होता. दोन्ही फिरत होते, हवा गोल गोल फिरत होती, आणि आम्ही तीन आठवडे उपकरण बदलत बसलो होतो.

१५. एसी किती अंशांवर ठेवायचा? आम्ही २२ ठेवतो.

फार कमी. उपकरणांसाठी ३५ पुरतं. प्रत्येक अंश खाली नेला की वीज वाढते, आणि त्याहून मोठा त्रास म्हणजे दव. दमट दिवसात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ असू शकतो. आतलं सगळं २२ वर असताना तुम्ही दार उघडलंत की प्रत्येक कार्डावर, प्रत्येक बसबारवर पाणी जमतं. ३५ वर हा प्रश्नच येत नाही. बॅटरीला २५ हवे असतील तर तिला वेगळा कप्पा द्या आणि तो छोटा कप्पाच थंड करा; त्यासाठी थर्मोइलेक्ट्रिक युनिटही चालतं.

१६. पंखे व्यवस्थित फिरतात, आतलं तापमान ठीक दाखवतं, तरी एकच राउटर तापून बंद पडतो. का?

तापमान दाखवणारा सेन्सर कुठे आहे ते आधी पाहा. तो थंड हवेच्या तोंडाशी असेल तर त्याला राउटरचे हाल कळणारच नाहीत.

मग हवेची वाट पाहा. रॅकमधल्या रिकाम्या जागा उघड्या असतील तर मागून निघालेली गरम हवा त्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि राउटर आपलाच श्वास पुन्हा घेत राहतो. रिकाम्या जागी पट्ट्या लावा. काही राउटर बाजूने हवा घेतात आणि दुसऱ्या बाजूने सोडतात. अरुंद कॅबिनेटमध्ये त्यांच्या दोन्ही कुशी पत्र्याला टेकलेल्या असतात. त्यांना हवा वळवणारी झडप किंवा वेगळी जागा लागते.

आणि मग केबल. आठवा कितीदा जादा लांबीची गुंडाळी 'सध्यापुरती' राउटरच्या मागे खोचली आहे. वायर बाजूच्या उभ्या पट्टीत बांधा, मागची हवा मोकळी ठेवा, वीज एका कुशीला आणि डेटा दुसऱ्या कुशीला. नीट बांधलेल्या वायरने जेवढं तापमान उतरतं, तेवढं कधीकधी नवीन पंख्यानेही उतरत नाही.

१७. वीज गेली की सेवा बॅटरीवर चालू राहते, पण तासाभरात तापमानाचा अलार्म येतो. बॅटरी तर भरलेली असते.

कारण एसी मेन्सवर आहे आणि तो वीज जाताच बंद पडला. उपकरणं चालू, उष्णता चालू, कूलिंग शून्य.

आकडे पाहा. वरच्याच आकाराच्या कॅबिनेटच्या चार बाजू आणि माथा मिळून ५.४ चौरस मीटर. साध्या रंगवलेल्या पत्र्यातून अंशामागे दर चौरस मीटरला साधारण ५.५ वॅट बाहेर जातात, म्हणजे एकूण अंशामागे ३० वॅट. वीज नसताना रेक्टिफायर तापत नाही, म्हणून आतले ६०० वॅट धरू; ते बाहेर पडायला आत-बाहेर २० अंशांचा फरक लागतो. बाहेर ४० असेल तर आत ६०, उन्हाची भर धरलेली नाही. आणि एसीच्या कॅबिनेटच्या भिंती सहसा इन्सुलेशनच्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईट.

उपाय: ४८ व्होल्ट डीसीवर चालणारा एक आपत्कालीन पंखा, जो एसी बंद पडल्यावर किंवा तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेल्यावर झडप उघडून बाहेरची हवा घेतो. त्याचा ब्रेकर एलव्हीडीच्या अशा बाजूला घ्या की शेवटचं उपकरण चालू आहे तोवर पंखाही चालू राहील. डीसीवर चालणारे एसीही मिळतात, पण ते बॅटरीचा वेळ खातात. त्याचा हिशेब बॅटरी निवडतानाच करावा लागतो.

१८. बॅटरी उपकरणांबरोबर त्याच कॅबिनेटमध्ये ठेवली तर चालेल?

ठेवतात सगळेच, किंमत बॅटरी मोजते. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं आणि दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. दहा वर्षांची बॅटरी ३५ वर पाच वर्षं, ४५ वर अडीच.

गरम बॅटरीला फ्लोट दाबही कमी लागतो, सेलमागे अंशाला साधारण ३ मिलिव्होल्ट. २४ सेल आणि १५ अंश वाढ धरली तर १ व्होल्टच्या थोडं वर, म्हणजे ५४ चे ५२.९. हे टेंपरेचर कॉम्पेन्सेशन रेक्टिफायर आपोआप करतो, पण त्याचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला असेल तरच. हवेत लोंबकळणारा सेन्सर मी खूप ठिकाणी पाहिला आहे. मग बॅटरी जास्त चार्ज होते, आणखी तापते, आणि शेवटी फुगते.

'सीलबंद' या शब्दाने फसू नका. जास्त चार्ज झाली की ती हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बॅटरीच्या कप्प्याला वर-खाली बाहेर उघडणारे छिद्र हवेच, कूलिंग कुठलंही असो.

१९. कॅबिनेट आयपी ६५ आहे, तरी तळाशी पाणी साचतं. गॅस्केट बदलून झालं.

आयपीचा पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या माऱ्यासाठी. बाष्पाबद्दल तो काहीच सांगत नाही. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि बाहेर जाते, रात्री आकसते आणि बाहेरची ओलसर हवा आत ओढते. तिच्यातलं बाष्प थंड पत्र्यावर पाणी होतं आणि बाहेर पडत नाही. डबा जितका घट्ट, तितकं हे पाणी आत अडकतं. तापलेल्या डब्यावर अचानक पाऊस पडला तर आतला दाब एकदम घटतो आणि गॅस्केटवर थांबलेलं पाणी आत शोषलं जातं.

म्हणून पाणी अडवणारी पण हवा जाऊ देणारी व्हेंट बसवा आणि तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ड्रेन ठेवा. दमट जागी आर्द्रतेवर चालणारा छोटा हीटर लावा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडं वर राहिलं की दव धरत नाही. हे करण्याआधी पाइप सील आहेत का ते पाहून घ्या (प्रश्न ९).

२०. मुंग्या, गांधीलमाश्या, उंदीर यांचं काय करायचं?

बहुतेक उबेसाठी येतात. हवेच्या तोंडांना बारीक धातूची जाळी लावा, पण जाळीने हवेची वाट अरुंद होते, म्हणून तोंड तेवढं मोठं घ्या. मुंग्या काँटॅक्टर आणि रिलेच्या आत शिरून संपर्क बिघडवतात. उंदीर वायर कुरतडतात आणि ते बहुतेक वेळा पाइपमधून येतात. कीटकनाशकाचा फवारा चालू उपकरणांवर मारू नका. दार उघडण्याआधी बाहेरून हलकेच ठोका, आत पोळं असेल तर आवाजाने कळेल.

२१. कडक थंडीच्या जागी कूलिंगऐवजी काय लागतं?

हीटर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम. गोठलेल्या कॅबिनेटमध्ये वीज आल्यावर आधी हीटर चालतो आणि आतलं तापमान उपकरणाच्या किमान मर्यादेवर आल्यावरच उपकरण चालू होतं, अशी जोडणी करा. लिथियम-आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली डिस्चार्ज होऊ शकते, पण चार्ज करू नये. सेलच्या आत लिथियमचा थर जमतो आणि सेल कायमचा बिघडतो. चांगला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) हे अडवतो. तो अडवतो का, हे विकत घेण्याआधी विचारा.

२२. कॅबिनेटचा आरसीडी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) कारण नसताना ट्रिप होतो. काढून टाकू का?

काढू नका, वाटणी बदला. प्रत्येक रेक्टिफायरच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थकडे गळतो. चार-पाच रेक्टिफायर एकत्र आले की बेरीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीला डिवचायला पुरते. तो त्याच्या निम्म्यापासून पुढे कधीही ट्रिप होऊ शकतो. माणूस हात लावतो त्या सर्व्हिस सॉकेटला ३० चा वेगळा आरसीडी ठेवा आणि रेक्टिफायरला तुमच्या भागातल्या विद्युत नियमांना मान्य असेल तसा मोठ्या रेटिंगचा, विलंबाने चालणारा. हे बदलूनही ट्रिप होत असेल तर ती खरी गळती आहे, इन्सुलेशन मोजा.

२३. अलार्म कोणकोणते घ्यावेत?

मेन्स गेला, बॅटरी उतरली, तापमान वाढलं, पंखा थांबला, दार उघडलं, एसपीडी संपला. एवढे आधी, बाकी नंतर. वायरिंग बंद लूपवर करा, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म येतो. उघड्या लूपवर तुटलेली वायर कायम 'सगळं ठीक' सांगते. पंख्याचा अलार्म फेऱ्यांवरून घ्या, वीज पोचते की नाही यावरून नको. अडकलेल्या पंख्यालाही वीज मिळतच असते.

२४. जुन्या कॅबिनेटमध्ये रॅकची जागा शिल्लक आहे. नवीन उपकरण टाकलं तर चालेल ना?

रॅकमधली जागा हा या निर्णयातला सगळ्यात छोटा भाग आहे. नव्या उपकरणाची आतली उष्णता मोजा (प्रश्न ११) आणि कूलिंगला शिल्लक किती ते पाहा. त्याची हवा पुढून मागे जाते की बाजूने, ते बघा (१६). ४३ व्होल्टवरच्या करंटने वायर आणि ब्रेकर तपासा (४, ५). रेक्टिफायरला बॅटरी चार्ज करायला शिल्लक राहते का बघा. नाहीतर बॅटरी कधी पुरती भरणारच नाही. बॅटरीचा नवा वेळ काढा. तो जुन्या वेळेच्या प्रमाणापेक्षाही कमी येईल, कारण करंट वाढला की शिसे-आम्ल बॅटरीची मिळणारी क्षमताच घटते.

हे सगळं जुळत असेल तर टाका, आणि त्यानंतरच्या पहिल्या कडक दुपारी दोनच्या सुमारास स्वतः जाऊन दार न उघडता, आतल्या सेन्सरचे आकडे वाचून या. दार उघडलंत की खरा आकडा निघून जातो.